करडे पाणी

आमच्या ऑफिसात पूल आणि उंच टाक्या पुरुषांकडे असत आणि संडास-मोऱ्या माझ्याकडे. असा काही लेखी नियम नव्हता. पण विश्रामबागेतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी एकटीच बाई इंजिनिअर, आणि मोरीचा विषय निघाला की साहेबांची मान आपोआप माझ्या टेबलाकडे वळायची. पदवीला मी पहिल्या वर्गात आले होते. त्या पहिल्या वर्गाचा उपयोग न्हाणीच्या फरशीला उतार किती द्यायचा हे काढण्यात होत होता. घरी आई विचारायची, "आज काय केलंस गं?" मी सांगायचे, "चार संडास." ती म्हणायची, "जेवताना नको सांगूस."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साहेब पुण्याला एका चर्चासत्राला गेले आणि येताना 'ग्रे वॉटर' घेऊन आले. म्हणजे शब्द घेऊन आले. आंघोळीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी फेकून द्यायचं नाही, ते गाळायचं, वेगळ्या टाकीत साठवायचं आणि वेगळ्या नळानं संडासात वापरायचं, एवढाच त्याचा अर्थ. साहेब मात्र तो शब्द असा उच्चारायचे की जणू पुण्याहून संगमरवर आणलाय.

"साहेब, आमच्या मागच्या अंगणातलं अळू मोरीच्याच पाण्यावर वाढतं," मी म्हटलं.

"त्यामागे शास्त्र नाही," साहेब म्हणाले.

अळवाला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते आपलं वाढत होतं. पण साहेबांशी वाद घालायचा नसतो. त्यात ते काम आलंही लगेच. माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे, एका शिक्षणसंस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं आणि तिथं पाण्याची बोंब होती. सांगलीत पावसाळ्यात कृष्णा दारात येते म्हणून आम्ही माळ्यावर सामान चढवणारी माणसं. दात घासताना नळ चालू ठेवायचा आणि तसाच बोलत बसायचं, ही आमची पद्धत. आणि आम्ही निघालो माणच्या लोकांना पाणी वाचवायला शिकवायला.

विट्यावरून, मायणीवरून एस.टी.नं दहिवडीला पोचेपर्यंत माझ्या केसांचा रंग बदलला होता. वसतिगृहाच्या रेक्टरबाई फाटकात उभ्या होत्या. चाळिशीच्या, काटक, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी मला आधी तांब्याभर पाणी दिलं. मी चूळ भरून टाकली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं काही तरी हललं. मग त्या एकदम मुद्द्याचंच बोलल्या.

"हे बघा बाई, फेब्रुवारी लागला की आमचा टँकर आठवड्यातून दोनदाचा एकदा होतो. मग संडास बंद करावे लागतात. संडास बंद झाले की संस्था वसतिगृह बंद करते आणि पोरी घरी जातात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. घरी गेलेल्या पोरीच्या डोक्यावर हंडा आला की पुस्तक गेलंच समजा. गेल्या वर्षी माझ्या अकरा होत्या दहावीला, परीक्षेला चार बसल्या. यंदा सतरा आहेत. मला सतराच्या सतरा बसवायच्यात. तुमचं ते पाणी काळं का पांढरं, मला काही कळत नाही. मार्चअखेर संडास चालू ठेवा, बास."

मी म्हटलं, "ठेवते." इतक्या सहज म्हटलं की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आराखडा मात्र मी झकास केला. उगीच लाजायचं कशाला! न्हाण्यांचं आणि धुण्याच्या दगडांचं पाणी एका नळानं खाली आणायचं. आधी साबणाचा साका बसायला एक खड्डा, मग खडी, मग वाळू. गाळलेलं पाणी गुडघ्याएवढ्या उघड्या हौदात धारेनं पडणार, म्हणजे त्याला हवा लागून वास जाईल. तिथून ते झाकलेल्या टाकीत आणि हातपंपानं संडासांच्या वरच्या टाकीत. स्वयंपाकघराचं पाणी मी घेतलं नाही. त्यात खरकटं आणि तेलाचा तवंग, वाळू चोंदून बसते. ते सरळ शोषखड्ड्यात, म्हणजे जमिनीत जिरवायला. गाळणी आणि हौद कुंपणाबाहेर न्यावे लागले, कारण आतल्या जागेत मुलींचं खो-खोचं मैदान होतं आणि संस्थेच्या अध्यक्षांना मैदान जिवापेक्षा प्यारं.

राहिली पाटी. हे पाणी कुणी चुकून पिऊ नये म्हणून त्यावर स्थानिक भाषेत नाव लिहिलंच पाहिजे, असं चर्चासत्रात सांगितलं होतं. मी म्हटलं, 'न्हाणीचं पाणी' लिहू. साहेबांनी नाक मुरडलं. "फार गावठी वाटतं. अध्यक्षांना शुद्ध मराठी लागतं." त्यांनी शब्दकोश काढला. ग्रे म्हणजे करडा. म्हणून 'करडे पाणी'.

दहिवडीच्या पेंटरनं हौदाच्या वरच्या भिंतीवर पांढऱ्यावर निळ्या अक्षरात ते लिहिलं, वीतवीतभर अक्षरं. लिहून झाल्यावर तो दोन पावलं मागं सरला.

"बाई, चित्र बी काढायचं का?"

"कसलं चित्र?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "न्हाई, आसंच," म्हणाला आणि ब्रश धुवायला लागला.

जानेवारीत नारळ फुटला आणि योजना सुरू झाली. पहिले काही आठवडे सगळं अगदी कागदावर काढल्यासारखं चाललं. रेक्टरबाईंनी फोनवर दोनदा "लय बेस" म्हटलं. मी ऑफिसात जरा ताठ मानेनं फिरायला लागले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा पुन्हा फोन.

"बाई, संध्याकाळी हौद भरलेला असतो. सकाळी हौदात पण नाही आणि टाकीत पण नाही. आजपासून निम्मे संडास बंद केलेत. संस्थेनं आठ दिवस दिलेत मला. नाहीतर कुलूप."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गळती! दुसरं काय असणार. रात्रभर पाणी हवा लागायला हौदातच ठेवायचं आणि सकाळी चावी सोडून टाकीत घ्यायचं, तेव्हा हौदाखालच्या नळाचा कुठं तरी जोड सुटलाय, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि मिस्त्रींना घेऊन निघाले. मिस्त्री साठीचे, आयुष्यभर नळच जोडलेले. वाटेत मी त्यांना इतकं बोलले की मायणीला त्यांनी चहाही घेतला नाही.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "माझ्या जोडातनं मुंगीची लाळ बी गळायची न्हाई."

आम्ही नळ उकरला. एकेक जोड कोरडा ठणठणीत. तरी मी हटले नाही. दुकानातून कपड्यांना द्यायच्या निळीची पुडी आणली आणि संध्याकाळी हौदात ओतली. पाणी झालं निळंशार. जिथं गळती असेल तिथली माती सकाळी निळी दिसणार, पळून पळून जाईल कुठं? रेक्टरबाईंच्या खोलीत मुक्काम केला. झोपायच्या आधी त्या सतरा जणींची यादी काढून नुसतीच बघत बसल्या.

उजाडता उजाडता मी मागच्या दारानं बाहेर पडले. हौद रिकामा. माती कोरडी, मातकट. निळीचा कुठं ठिपका नाही. मी कपाळावर हात मारणार, तेवढ्यात समोरच्या चढावर शेरडांचा एक कळप दिसला. पन्नास-साठ शेरडं, म्हणजे शेळ्या, आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणारी त्यांची पिल्लं. आणि सगळ्यांच्या हनुवट्या निळ्या! एका बोकडाची दाढी तर अशी निळी झाली होती की जणू तो रंगपंचमी खेळून आलाय.

मी चप्पल हातात घेऊन धावले. मागून काठी टेकत एक म्हातारी चालली होती.

"आजी! थांबा! आमचं पाणी पाजता होय शेरडांना? कुणाला विचारून?"

म्हातारी थांबली. अजिबात घाबरली नाही.

"आवं बाई, वरडताय कशापाई? तुमीच पाटी लावली न्हवं?"

"कसली पाटी?"

"करडांचं पाणी म्हून. ल्हिवलंय की भितीवर एवढं मोठं. मी रोज सकाळी आणते. जरा साबणाचा वास मारतोय, पर करडं कशी चकाकाय लागली बघा. म्या म्हटलं, एवढी वरसं झाली, माणसांसाठनं टँकर आलं, कुनाला मुक्या जनावराची आठवण न्हाई झाली. देव भलं करू तुमचं."

शेळीच्या पिल्लाला करडू म्हणतात आणि अनेक झाली की करडं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! पण सांगलीत बसून शब्दकोशात बघितलं की करडा हा रंग असतो. माणात उभं राहून बघितलं की तो रंग वगैरे काही नसतो, त्याला चार पाय असतात आणि तो तहानलेला असतो. आणि पाटीवर फक्त करडंच लिहिली होती हे खरं, पण आयांना मागं ठेवून करडं कुठं जातात? हौदाची उंची गुडघ्याएवढी. शेरडांसाठीच मुद्दाम मोजून केली असती तरी इतकी नेमकी जमली नसती.

हसावं की रडावं मला कळेना. शेवटी रागच आला, कारण तो मला कायमच हाताशी असतो.

"पाटी तुम्हाला कुणी वाचून दाखवली?"

"माझ्या नातीनं. हितंच ऱ्हातीया, तुमच्या बोर्डिंगात. धाव्वीला हाय."

नातीला रेक्टरबाईंनी बोलावून घेतलं. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, हातात भूमितीचं पुस्तक, त्यात बोट अडकवलेलं. मी विचारलं, "करडे पाणी म्हणजे काय गं?"

"करडांचं पाणी, बाई," ती शांतपणे म्हणाली.

"करडा रंग माहीत नाही तुला?"

तिनं पुस्तकातलं बोट आणखी आत सरकवलं. रेक्टरबाईंनी तिला वर्गावर जायला सांगितलं आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"तिला चांगलं माहीत आहे. मराठीत पहिली येते ती. घरी आजी एकटी, बाप मुंबईला हमाली करतो, आई नाही. वस्तीवरची विहीर आटली. शेरडं प्यायला न्यायची तर पाझर तलावापर्यंत दोन कोस, आणि म्हातारीचे गुडघे गेलेत. पोरीला घरी नेणारच होती ती संक्रांतीनंतर. मग मध्येच म्हणाली, राहू दे, पाण्याची सोय झाली. मला वाटलं देव पावला."

म्हणजे माझ्या नळांतली ती गळती पोरीनं स्वतः केली होती. एक शब्द जरासा वाकवून. मी चार महिने डोकं लावून जे पाणी वाचवलं होतं, त्यावर ती परीक्षेपर्यंत टिकायचं बघत होती.

रेक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही जमेल असं काही करता येईल का? शेरडांनाही थोडं, संडासालाही. तुम्ही इंजिनिअर आहात."

"नाही," मी म्हटलं. "पाणी तेवढंच आहे. एकीसाठी सोळा जणींचं घालवायचं का?"

हिशेब बिनचूक होता. खरं सांगायचं तर मी पाच मिनिटंही विचार केला नाही. आठ दिवसांतले दोन गेले होते, मिस्त्री फुगून बसले होते, आणि माझ्या आराखड्याला शेरडांनी तोंड लावलं याची तिडीक डोक्यात होती. दुपारपर्यंत मी हौदावर लोखंडी जाळीचं झाकण बसवून घेतलं आणि त्याला कुलूप लावलं. पेंटरला बोलावून पाटी पुसली आणि 'न्हाणीचे पाणी' लिहून घेतलं. तो या वेळी चित्राचं काही बोलला नाही.

म्हातारी दुसऱ्या दिवशी पहाटे आली. मी अजून तिथंच होते. तिनं जाळी बघितली, शेरडं जाळीवरून जिभा फिरवत होती ते बघितलं.

"मग आता नातीला कशी ठिवू हितं?" ती म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता. नुसतं विचारलं. "करडं मेल्यावर आमी काय करायचं?"

मला ते नीट ऐकू आलं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, "आजी, पोरीची परीक्षा आहे, सव्वा महिना कळ काढा." तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला सव्वा महिना श्वास घेऊ नका म्हटलंय. मग मी दहाची एस.टी. पकडली.

तिसऱ्या दिवशी मुलगी घरी गेली. रेक्टरबाई दोनदा वस्तीवर जाऊन आल्या, एकदा भर उन्हात चालत. उपयोग झाला नाही. वसतिगृहाचे संडास मात्र मार्चअखेरपर्यंत एक दिवस बंद पडले नाहीत. परीक्षेला सोळा जणी बसल्या. गेल्या वर्षीच्या चारांपुढे सोळा म्हणजे केवढी मजल, असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये संस्थेनं साहेबांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षांचं शुद्ध मराठीतलं भाषण. साहेबांनी पुढच्या चर्चासत्रासाठी माझ्याकडून अहवाल लिहून घेतला होता, तो त्यांनी व्यासपीठावरून वाचला. त्यात एक रकाना होता, 'गळती', आणि त्यापुढं मी लिहिलं होतं 'शून्य'. टाळ्या पडल्या. भाषणं संपल्यावर मी रेक्टरबाईंच्या खोलीत पाणी प्यायला गेले. त्या टेबलाशी बसून संस्थेचा वार्षिक तक्ता भरत होत्या. दहावीत दाखल सतरा, परीक्षेस बसलेल्या सोळा. पुढच्या रकान्यावर छापलं होतं 'गळती'. त्यांनी तिथं 'एक' लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबल्या आणि तक्ता मिटला. "ऑक्टोबरचा फॉर्म भरून घेते तिचा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, ते बरं झालं.

जेवणं झाल्यावर मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले. तिथं स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ धुतल्याचं पाणी मोरीत ओतत होत्या. मोठं पातेलंभर, पांढरं, दाट.

"बाई, तुमच्या त्या शोषखड्ड्यात कशापाई घालवायचं हो हे?" त्या म्हणाल्या. "धुवण हाय, भाजीचं पाणी हाय, ताटाचं खरकटं हाय. शेरडं असल्यावर तुटून पडतात. दोन वेळचं मिळून चार घागरी सहज निघतंय. निस्तं मातीत जातंय बघा."

चार घागरी. शोषखड्ड्याच्या आधी जनावरांना पाजायची एक दगडी डोणी ठेवली असती तर शेरडांचं भागलं नसतं पूर्ण, पण करडं जगली असती, आणि मोठ्यांना म्हातारीनं एक दिवसाआड तरी कसं तरी नेलं असतं. माणमधल्या शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट. माझ्या आराखड्यात त्या पाण्यापुढं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निरुपयोगी'. मला माझी इतकी लाज वाटली की मी तोंडावर पदर धरून उन्हाचं निमित्त केलं.

परतीच्या वाटेवर साहेबांची जीप तापली. बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. ड्रायव्हरनं रेडिएटरसाठी कॅन माझ्या हातात दिला, कारण तो बॉनेट धरून उभा होता आणि साहेबांच्या अंगावर शाल होती. रस्त्याच्या खालच्या अंगाला पाझर तलाव होता. तलाव कसला, मधोमध उरलेलं डबकं आणि भोवती भेगाळलेली माती. काठावर शेरडं होती. त्यांच्यात ती पोरगी, दोन वेण्यांची.

तिनं मला लगेच ओळखलं. मी काही म्हणायच्या आत तिनं माझ्या हातातला कॅन घेतला, घोटाभर चिखलात उतरली, वरची शेवाळ हातानं बाजूला सारून त्यातल्या त्यात नितळ पाणी भरलं आणि वर आली.

"बाई," ती म्हणाली, "भूमितीच्या पेपरात वर्तुळाला स्पर्शिका काढायला आलती का? बाहेरच्या बिंदूतनं? ती रचना मला लय चांगली येत हुती."

मला पेपराचं काहीच ठाऊक नव्हतं. मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

"नाही," मी ठोकून दिलं. "यंदा नव्हती आली."

तिनं क्षणभर विचार केला.

"मग काय बिघडलं न्हाई," ती म्हणाली, आणि कॅन कमरेवर घेऊन माझ्यापुढं जीपकडे चालायला लागली.